आईवडिलांचे घर विकण्यापूर्वी

एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या दशकांत मध्यमवर्गीय मराठी माणसाने घर उभे केले ते काडी काडी जमवून. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, कार्यालयाकडून मिळालेले कर्ज, प्रसंगी पत्नीचे दागिने आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदत्वासाठी घातलेले हेलपाटे, एवढ्या भांडवलावर पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथील कित्येक वसाहती उभ्या राहिल्या. नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने इंदूर, बडोदा, हैदराबाद वा बंगळूर येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनीही अशाच रीतीने घरे केली. त्या घरांत वाढलेली मुले आज स्वतः पन्नाशीच्या घरात आहेत आणि चार गावी विखुरलेली आहेत. वडील गेले, आईला एकटीने राहणे झेपेना, घराला कुलूप लागले, की एके दिवशी तो विषय निघतोच : घर विकायचे का?

विषय निघाल्यावर बहुतेक कुटुंबांत पहिली चौकशी होते ती भावाची. शेजारच्या इमारतीतील सदनिका कितीला गेली, दलाल काय म्हणतो, याची चर्चा रंगते. गिऱ्हाईकही लवकर मिळते. मग गिऱ्हाइकाचा वकील कागदपत्रे मागतो आणि व्यवहार तेथेच अडतो. सोसायटीच्या दप्तरी नाव वडिलांचेच आहे. मुलीची सही घ्यावी लागेल हे कोणी तिला विचारलेलेच नाही. मूळ करारनामा सापडत नाही. घाईघाईने सह्या मागितल्या जातात आणि घाईतून संशय निर्माण होतो. घराच्या विक्रीवरून भावंडांत येणारा दुरावा पुष्कळदा पैशापेक्षा या घाईतूनच जन्मतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘भाव काय येईल’ हा नसून ‘हे घर आज कायद्याने कोणाचे आहे’ हा असला पाहिजे. त्याचे स्वच्छ उत्तर मिळाले, की पुढची सारी कामे आपोआप क्रमाने लागतात.

घर आज कोणाचे?

सोयीसाठी नमुन्यादाखल एक हिंदू कुटुंब घेऊ. वडिलांनी १९८८ मध्ये पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेत स्वतःच्या कमाईतून सदनिका घेतली. २०२२ मध्ये मृत्युपत्र न करता त्यांचे निधन झाले. मागे पत्नी, पुण्यातच राहणारा थोरला मुलगा, इंदूरला दिलेली मुलगी आणि अमेरिकेत स्थायिक झालेला धाकटा मुलगा अशी चौघे आहेत.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाची मालमत्ता प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्यांत पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई यांचा समावेश असून प्रत्येकाचा वाटा समान असतो. एखादा मुलगा आधीच निवर्तला असेल, तर त्याचा वाटा त्याच्या पत्नीकडे व मुलांकडे जातो; मुलगी निवर्तली असेल, तर तिचा वाटा तिच्या मुलांकडे जातो. आपल्या नमुन्यातील चौघांचा वाटा त्यामुळे प्रत्येकी एक चतुर्थांश ठरतो. आजी हयात असती तर वाटे पाच झाले असते. मयताच्या आईचा हा वाटा अनेक कुटुंबांच्या ध्यानातच येत नाही.

घर वडील आणि आई या दोघांच्या नावे निम्मे-निम्मे असेल, तर हिशेब बदलतो. निम्मे घर मुळातच आईचे. वारसाहक्काने वाटले जाते ते केवळ वडिलांचे निम्मे. अशा स्थितीत आईकडे आठांपैकी पाच भाग आणि तिन्ही मुलांकडे प्रत्येकी एक भाग येतो. घर आईच्याच मालकीचे असून तिचे निधन झाले असेल, तर पती, मुलगे व मुली हे समान वारस ठरतात.

हे नियम हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांपुरते आहेत. ख्रिस्ती व पारशी कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो, तर मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा. गोव्यात पोर्तुगीज काळातील नागरी संहितेची परंपरा आजही चालू आहे. तेथे पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक मानली जाते. त्यामुळे विक्रीच्या दस्तावर मुलांबरोबर सुना-जावयांच्या सह्याही लागतात, आणि वाटणीसाठी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही करण्याची पद्धत आहे. गोव्यातील घराचा विचार करताना महाराष्ट्रातील अनुभव कामी येत नाही, हे ध्यानी ठेवावे.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे

‘सोसायटीत नॉमिनी म्हणून माझे नाव आहे, तेव्हा घर माझे’ हा समज अत्यंत प्रचलित आहे आणि तितकाच चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारी विश्वस्त असते. सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीतील भागांबाबत २०१६ मध्ये आणि कंपन्यांच्या समभागांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या निर्णयांतून हेच तत्त्व अधोरेखित झाले आहे : नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. त्यानुसार सभासदाच्या निधनानंतर संस्था नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद म्हणून दाखल करून घेऊ शकते. मात्र कायदेशीर वारस निश्चित होऊन सभासद होईपर्यंतच ही व्यवस्था चालते. आपल्या नमुन्यातील थोरल्या मुलाचे नाव नामनिर्देशन अर्जावर असले, तरी त्याला घर एकट्याने विकता येणार नाही. ही गोष्ट त्याने स्वतःच भावंडांना सांगितली, तर पुढची बोलणी पुष्कळ सोपी होतात.

मृत्युपत्र असल्यास

वडिलांनी मृत्युपत्र केले असेल, तर वाटे त्याप्रमाणे ठरतात. त्यासाठी घरातील कपाटे, बँकेचा लॉकर आणि दुय्यम निबंधक कार्यालय या तिन्ही ठिकाणी शोध घ्यावा. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही; साध्या कागदावरील मृत्युपत्रही वैध ठरते. मात्र त्यावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या कायद्याने आवश्यक आहेत. तसेच मृत्युपत्राने देता येते ते केवळ स्वतःच्या मालकीचे. घर दोघांच्या नावे असताना वडिलांनी ते सबंध एका मुलाला लिहून दिले असेल, तर आईच्या निम्म्या भागाला त्याने बाध येत नाही.

मुंबई, चेन्नई व कोलकाता येथील मालमत्तांच्या बाबतीत न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणे, म्हणजेच प्रोबेट, हे हिंदूंसह काही समाजांना दीर्घकाळ बंधनकारक होते. ही सक्ती करणारे कलम संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये रद्द केले. तथापि मृत्युपत्राविषयी वारसांत मतभेद असतील, तर प्रोबेट हाच सुरक्षित मार्ग होय.

आईचा वाटा

या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत कमी बोलली जाणारी व्यक्ती म्हणजे आई. ‘मला काय करायचे आहे, तुम्ही तिघे घ्या’ असे ती म्हणते आणि मुले ते शब्दशः घेतात. आपल्या नमुन्यात तिचा वाटा एक चतुर्थांश आहे. घर संयुक्त नावावर असते तर निम्म्याहून अधिक असता. घर विकले, की तिच्या डोक्यावरचे छप्पर जाते, आणि वाटाही तिने सोडून दिला असेल, तर उरलेले आयुष्य तिला पाळीपाळीने मुलांच्या घरी काढावे लागते.

म्हणून विक्रीचा निर्णय होण्यापूर्वी आई कोठे राहणार, हे निश्चित झाले पाहिजे. आणि तिच्या वाट्याची रक्कम तिच्याच नावावरील खात्यात जमा झाली पाहिजे. आलेल्या पैशांतून तिला मुलाच्या घराजवळ लहानशी सदनिका घेता येईल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला तीस लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते व दर तिमाहीस व्याज हाती येते. आईने आपला वाटा मुलांना देण्याचे ठरवलेच, तर तिच्या सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ प्रमाणे सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते.

लेकीचा वाटा आणि हक्कसोडपत्र

मुलीचे लग्न झाले म्हणून वडिलांच्या स्वकष्टार्जित घरातील तिचा वारसाहक्क कमी होत नाही. १९५६ च्या मूळ कायद्यातही तिला मुलाइतकाच वाटा होता. फक्त कुटुंब राहत असलेल्या घरात वाटणी मागण्यावर कलम २३ ने बंधन घातले होते. २००५ च्या दुरुस्तीने ते कलमही रद्द झाले. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित सहदायकी मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क मिळाला. वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, हा हक्क तिला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

तरीही घर विकायचे ठरले, की पहिली हाक बहुधा हक्कसोडपत्रासाठी बहिणीला जाते. येथे एक साधी गोष्ट विसरली जाते. घर विकायचेच असेल, तर हक्कसोडपत्राची गरजच नाही. सर्व वारस विक्रीच्या दस्तावर विक्रेते म्हणून सह्या करू शकतात आणि प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम थेट त्याच्या खात्यात जाऊ शकते. कराच्या दृष्टीनेही हे सोयीचे, कारण नफा चौघांत विभागला जातो आणि प्रत्येकाला आपापल्या सवलती स्वतंत्रपणे मिळतात.

बहिणीने स्वेच्छेने, परिणाम समजून हक्क सोडण्याचे ठरवले, तर तो तिचा अधिकार आहे. असे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. साध्या मुद्रांक कागदावर सही घेऊन स्थावर मालमत्तेतील हक्क सुटत नाही. ते कोणाच्या लाभात आहे हेही नीट लिहावे, अन्यथा आईच्या नावे सोडायचा वाटा भलतीकडे जातो.

काही वेळा एखाद्या भावंडाला घर स्वतःकडे ठेवायचे असते. वर्ग एकच्या एखाद्या वारसाने आपला वाटा विकावयास काढला, तर तो विकत घेण्याचा अग्रहक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ ने इतर वारसांना दिला आहे. म्हणून बाहेर जाहिरात देण्यापूर्वी घरातल्या घरात विचारून घ्यावे. तसे ठरल्यास शासनमान्य मूल्यांककाकडून किंमत काढून घ्यावी, म्हणजे स्वस्तात घेतल्याचा बोल कोणाला लागत नाही.

वारसांपैकी कोणी अज्ञान असेल, उदाहरणार्थ दिवंगत भावाची लहान मुले, तर त्यांच्या वतीने केवळ आईची सही पुरेशी होत नाही. अज्ञानाच्या स्वतंत्र स्थावर हिश्शाच्या विक्रीसाठी नैसर्गिक पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार पुढे अज्ञानाला रद्द करून घेता येतो. त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक परवानगीशिवाय पुढे येत नाही.

कागदपत्रांची जुळणी

वारस निश्चित झाले, की कागदपत्रांकडे वळावे. सदनिकेसाठी मूळ नोंदणीकृत करारनामा व त्यापूर्वीच्या खरेदीचे दस्त, मुद्रांक शुल्क व नोंदणीच्या पावत्या, सोसायटीचे भागपत्र, बांधकाम पूर्णत्वाचा वा भोगवटा दाखला, मालमत्ता कराची व देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचे दाखले आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला हे मुख्य कागद होत. स्वतंत्र घर वा बंगला असेल, तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा, अकृषिक परवानगी व मंजूर नकाशा लागतो. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा काढावा. मूळ दस्त हरवला असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवून, वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळवता येते.

घरावर कर्ज असेल, तर मूळ कागद बँकेकडे असतात. थकबाकी किती आहे आणि कर्जाला जीवन विम्याचे संरक्षण होते काय, याची चौकशी प्रथम करावी. विमा असूनही दावा न केल्यामुळे वारस हप्ते भरत राहतात, असे घडते. कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यापासून तीस दिवसांच्या आत मूळ कागद परत करण्याचे आणि बोजा उतरवण्याचे बंधन भारतीय रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने कर्जदात्या संस्थांवर घातले. संस्थेच्या चुकीमुळे विलंब झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाईची तरतूद त्यात आहे, तसेच कर्जदाराच्या मृत्यूनंतर कागद वारसांना कसे मिळतील, याची ठरीव कार्यपद्धती संस्थेने जाहीर करणे आवश्यक आहे. कागद हाती आल्यावर नोंदणी कार्यालयातील गहाणाच्या सूचनेची व केंद्रीय नोंदवहीतील बोजाची नोंद रद्द झाली आहे, याची खात्री करून घ्यावी. कित्येकदा कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेले असते, पण बोजाची नोंद तशीच असते.

दाखले आणि नोंदी

बँकेतील ठेवी वा रोख्यांसाठी मिळणारा उत्तराधिकार दाखला घरासाठी उपयोगी पडत नाही, कारण तो येणी व रोखे यांपुरताच असतो. महाराष्ट्रात स्थावर मालमत्तेसाठी १८२७ च्या मुंबई विनियमानुसार न्यायालयाकडून वारस दाखला घेण्याची पद्धत आहे. वारसांत एकमत असेल, तर अनेक सोसायट्या प्रतिज्ञापत्रे, हमीपत्र व वृत्तपत्रातील जाहीर सूचना यांवरही हस्तांतरण करतात. गिऱ्हाईक बँकेचे कर्ज काढणार असेल, तर त्याची बँक कोणता दाखला मागेल, हे आधीच विचारून ठेवणे शहाणपणाचे.

जमिनीच्या अभिलेखात वारसनोंद करण्यासाठी तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, किंवा नगर भूमापन कार्यालयाकडे अर्ज करावा. वारसाहक्काने मिळालेल्या जमिनीची वर्दी तीन महिन्यांच्या आत देणे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार अपेक्षित आहे. इंदूरला हेच काम नामांतरण या नावाने चालते, बडोद्यास त्याला वारसाई म्हणतात आणि बंगळूरला खाता बदलून घ्यावा लागतो. नाव कोणतेही असो, ही नोंद महसूल व कराच्या वसुलीसाठी असते. केवळ तिच्यामुळे कोणी मालक होत नाही. म्हणून फेरफारात एकाच भावाचे नाव लागले, तरी इतरांचा हक्क बुडत नाही. पण विक्रीच्या वेळी तीच नोंद अडथळा ठरते. सर्वांची नावे एकाच वेळी लावून घेणे केव्हाही हिताचे.

दूरच्या भावंडांचे मुखत्यारपत्र

वडिलांनी हयातीत थोरल्या मुलाला मुखत्यारपत्र दिले असेल, तर ते वडिलांच्या मृत्यूबरोबर संपले. त्याच्या आधारे केलेली सही निरुपयोगी ठरते. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

अमेरिकेतील धाकट्या मुलास स्वतः येणे शक्य नसेल, तर त्याने नवे मुखत्यारपत्र द्यावे. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा तेथील नोटरीपुढे करून त्यावर अपॉस्टिल घेऊन पाठवावे, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक शुल्क भरावे. मुखत्यारपत्र या एकाच घराच्या विक्रीपुरते असावे, त्यात किमान किंमत नमूद असावी आणि रक्कम मुखत्याराच्या नव्हे, तर मालकाच्या खात्यात जाईल, असे लिहावे.

कराचा हिशेब

वारसाहक्काने घर मिळाले म्हणून भारतात कर लागत नाही. पूर्वीचा मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. कर लागतो तो विक्रीतून होणाऱ्या भांडवली नफ्यावर. येथे वारसाला दोन गोष्टींचा लाभ मिळतो. वडिलांनी घर जितका काळ बाळगले तोही काळ वारसाच्या नावे धरला जातो, आणि वडिलांची खरेदी किंमत तीच वारसाची खरेदी किंमत मानली जाते. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल, तर त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा अधिक धरता येत नाही.

बाळगण्याचा एकूण काळ चोवीस महिन्यांहून अधिक असेल, तर नफा दीर्घकालीन ठरतो व त्यावर साडेबारा टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी संपादन केलेल्या घराच्या बाबतीत भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन वीस टक्क्यांनी हिशेब करून, त्यांपैकी कमी येणारा कर भरता येतो. अनिवासी भारतीयाला हा पर्याय नाही.

आपल्या नमुन्यातील घर आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये ९६ लाख रुपयांना विकले, असे धरू. प्रत्येकाच्या वाट्यास २४ लाख आले. २००१ चे मूल्य १२ लाख, म्हणजे प्रत्येकी ३ लाख. निर्देशांक न लावता नफा २१ लाख व कर २,६२,५०० रुपये होतो. त्या वर्षाचा निर्देशांक ३७६ आहे. तो लावल्यास खरेदी किंमत ११ लाख २८ हजार, नफा १२ लाख ७२ हजार आणि कर २,५४,४०० रुपये होतो. २००१ चे मूल्यांकन न करता १९८८ ची १ लाख ६० हजार ही मूळ किंमत धरली असती, तर प्रत्येकाचा कर २,९५,००० रुपये झाला असता. एका मूल्यांकन अहवालाने प्रत्येक निवासी वारसाचे ४०,६०० रुपये वाचले. या आकड्यांवर उपकर वेगळा.

नफ्याइतकी रक्कम दुसऱ्या निवासी घरात गुंतवली तर करातून सूट मिळते. त्यासाठी विक्रीपूर्वी एक वर्ष ते विक्रीनंतर दोन वर्षे या काळात खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम व्हावे लागते. घर घ्यायचे नसेल, तर आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या संस्थांच्या भांडवली नफा रोख्यांत विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत प्रत्येकी ५० लाखांपर्यंत गुंतवणूक करता येते; ती पाच वर्षे काढता येत नाही. नवे घर ठरलेले नसताना विवरणपत्राची मुदत आली, तर रक्कम बँकेतील भांडवली नफा खाते योजनेत ठेवून सूट राखता येते. १ एप्रिल २०२६ ही आयकर कायदा, २०२५ च्या अंमलाची तारीख असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. या सवलतींचे तत्त्व मात्र तेच आहे.

व्यवहार ५० लाख वा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदार निवासी विक्रेत्यांच्या रकमेतून एक टक्का कर कापतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा प्रत्येक विक्रेत्याच्या वाट्यावर नव्हे, तर एकूण किमतीवर पाहिली जाते. अनिवासी मुलाच्या बाबतीत ५० लाखांची मर्यादाच नाही. त्याच्या २४ लाखांच्या सबंध वाट्यावर साडेबारा टक्के व उपकर मिळून ३,१२,००० रुपये कापले जाऊ शकतात, वास्तविक त्याचा कर उपकरासह २,७३,००० रुपये आहे. म्हणून त्याने आयकर विभागाकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र विक्रीपूर्वीच घ्यावे. त्याची रक्कम अनिवासी सामान्य (एनआरओ) खात्यात जमा होते आणि तेथून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परदेशी नेता येते.

विसार घेण्यापूर्वी

एवढी सिद्धता झाल्यावर कुटुंबाने एकदा एकत्र बसावे. कोणी येऊ शकत नसेल, तर दूरध्वनीवरून सहभागी व्हावे. परंतु निर्णय लेखी असावा. वाटे किती, किमान किंमत काय, गिऱ्हाइकाशी कोणी बोलायचे, आई कोठे राहणार आणि घरातील वस्तूंचे काय, एवढे मुद्दे एका पानावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. गेली काही वर्षे एकाच भावाने मालमत्ता कर, देखभाल व दुरुस्ती यांचा खर्च केला असेल, तर त्याचा हिशेब याच वेळी मांडावा. विक्रीची रक्कम आल्यावर काढलेली जुनी बिले सर्वांनाच कडू लागतात. देवघरातील देव, आजीची पितळी भांडी, वडिलांची पुस्तके यांना बाजारात मोल नसते. वाद मात्र त्यांवरूनही होतात. आईला आधी निवड करू द्यावी आणि उरलेले नंतर वाटावे.

सर्व वारसांच्या सह्या झाल्याखेरीज कोणीही विसार घेऊ नये. एका भावाने विसार घेतला आणि दुसऱ्याने विक्रीस नकार दिला, तर खरेदीदार कराराच्या प्रत्यक्ष पूर्ततेसाठी न्यायालयात जाऊ शकतो. रोखीच्या मोहातही पडू नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि तिच्याइतकाच दंड होऊ शकतो. दस्तातील किंमत मुद्रांक मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी दाखवल्यास कर मुद्रांक मूल्यावरच आकारला जातो. प्रत्येक वारसाच्या नावे स्वतंत्र धनादेश वा थेट खात्यावर भरणा आणि त्या रकमांचा दस्तात उल्लेख, ही रीत सर्वांत निर्वेध होय.

घर बंद असताना वीजदेयक, मालमत्ता कर व सोसायटीची वर्गणी चालू ठेवावी, अग्निविमा खंडित होऊ देऊ नये. किल्ली कोणाकडे आहे, हे सर्वांना ठाऊक असावे.

थोडक्यात, क्रम असा : वारस निश्चित करणे, मृत्युपत्राचा शोध, आईची सोय, कागद व नोंदी, मुखत्यारपत्रे, कराचा अंदाज, कुटुंबाचा लेखी निर्णय आणि त्यानंतर गिऱ्हाईक. या क्रमाने जाणाऱ्या कुटुंबाला सुरुवातीचे काही महिने अधिक लागतील. पण जेव्हा गिऱ्हाईक दारात येईल, तेव्हा त्याच्या वकिलाच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एका फाइलमध्ये तयार असेल. आईवडिलांनी ते घर मुलांनी एकत्र राहावे म्हणून बांधले होते. घर राहिले नाही, तरी मुलांनी दिवाळीला एकमेकांकडे जाणे चालू राहिले, तर त्यांचा तो हेतू विक्रीनंतरही सफल झाला, असे म्हणता येईल.